आखूड आणि लांब

“तो पाय खाली काढ, सगळ्या बोटीला मासळीचा वास मारतोय,” मी म्हणलं.

तातायनं पाय काढला नाही. समोरच्या खोक्यावर पाय पसरलेला, गुडघ्यावर बर्फाची पिशवी. बर्फ मासेवालीकडनं मागून आणलेला, त्यात खवलं चिकटलेली. डोळे मिटलेले. बोट एका बाजूला झुकली की पिशवी घसरायची आणि तो डोळे न उघडता ती परत वर ढकलायचा.

“झोपलायस का झोपल्याचं सोंग करतोयस?”

“दोन्ही.”

ताताय म्हणजे माझा बाप. डोमिंग मागनाये. बोटीच्या दारातनं येताना कमरेत वाकून यायला लागतं एवढा उंच. लोक त्याला खांब म्हणतात. पोटापाण्याला बास्केटबॉल. सेल्व्हा सिमेंटच्या टीममधला सगळ्यात जुना माणूस, आणि या सीझननंतर त्याला कोणी घेणार नाही हे त्याला माहीत होतं, कोचला माहीत होतं आणि मलाही माहीत होतं. कोणी बोलायचं नाही एवढंच.

आम्ही चाललो होतो सान रोकेला. त्याच्या गावाला. आज गावची जत्रा, आणि दुपारी तीनला चर्चच्या शेजारच्या कोर्टावर आमची मॅच. इतक्या वर्षांत ताताय सगळीकडं खेळला, पण स्वतःच्या गावात पगाराची मॅच एकदाही नाही. त्याच्या आईनं, म्हणजे माझ्या लोलानं, त्याला फक्त न्हाव्याच्या दुकानातल्या टीव्हीवर बघितलेलं. बोटीला घाबरते ती. बेट सोडून कधी बाहेर पडलीच नाही.

म्हणून तातायनं सीझन सुरू व्हायच्या आधीच कोच रिकार्टेशी बोलून ठेवलं होतं. डॉक्टरनं सांगितलेलं, लागून दोन दिवस मॅच असेल तर हा माणूस एकच खेळणार, नाहीतर गुडघा हातात येईल. कोच म्हणाला होता, ठीक आहे, बातांगासला बस, सान रोकेला खेळ. शब्द दिला होता.

आणि काल बातांगासला आमचा अमेरिकेतनं आणलेला डारेल पाय मुरगळून पडला. कोचनं तातायकडं बघितलंसुद्धा नाही. खरंच नाही बघितलं, मी समोर बसले होते. यानंच उठून जॅकेट काढलं. खेळला. मॅच बरोबरीत सुटली, जादा वेळ द्यावा लागला, तोही खेळला. जिंकले. बाकीचे नाचले. मी नाही.

“तू कशाला उठलास काल?” मी बोटीवर परत काढलंच.

“डारेल पडला ना.”

“मग पडू दे! बोयेट होता की. तो कशाला ठेवलाय, टॉवेलं वाळत घालायला?”

दोन बाकं सोडून बोयेट बसला होता. वीस वर्षांचा, तातायएवढाच उंच, डोकं पिशवीत घालून ओकत होता. पिशवीतनंच म्हणाला, “ऐकू येतंय मला.”

“ऐकायलाच बोलतेय.”

“वेंग,” ताताय म्हणाला. बास, एवढंच. तो माझं नाव असं घेतो की पुढचं भांडण माझ्या तोंडातच मरतं. शाळेतल्या बाई असं नाव घेऊ शकल्या असत्या तर मी अजून शाळेत असते.

मला राग एकट्या त्याचाच आला नव्हता. सान रोकेच्या मेयरला जत्रेच्याच दिवशी मॅच पाहिजे होती. मिरवणूक, कोंबड्यांची झुंज, बँड आणि बास्केटबॉल. यातलं एक जरी कमी पडलं तर पुढच्या वेळी त्याला मत कोण देणार? मग लीगवाल्यांनी ती मॅच सरकवली. एक सरकवली की बाकीच्या सरकतातच. त्यात गावच्या टीमला, रानरेड्यांना, नऊ दिवसांची सुट्टी मिळाली. आम्हाला मिळाली एक रात्र. समुद्र खवळलेला म्हणून बोट सोडेनात, त्यामुळं ती रात्रही बंदरातल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर गेली. आमच्यात सगळ्यात बुटका माणूस माझ्यापेक्षा हातभर उंच. प्लॅस्टिकच्या खुर्चीत तसला माणूस झोपतो कसा हे एकदा बघा. घडी घातलेल्या शिडीसारखा.

बोटीतनं उतरून बसमध्ये, बसमधनं थेट गावात. वेशीवर फ्लेक्स लागलेला. ‘सान रोकेच्या सुपुत्राचं स्वागत!’ त्यात मेयरचं तोंड एवढं मोठं, आणि कोपऱ्यात तिकिटाएवढा ताताय, तोही दुसऱ्याच टीमच्या जुन्या शर्टात.

बस थांबली तसा सगळ्या रस्त्याचा वास आत आला. गल्लीगल्लीत बांबूवर अख्खं डुक्कर भाजायला लावलेलं. घराघरांची दारं उघडी. आमच्याकडं जत्रेला कोणाच्याही घरात जायचं आणि जेवायचं, ओळख लागत नाही. आणि वाढलेलं नको म्हणलंत, तर त्या घराला पुढच्या जत्रेपर्यंत तोंड दाखवायचं नाही.

लोला दारात उभी होती. अंगात रानरेड्यांचा पिवळा शर्ट.

“लोला, हे काय घातलंयस?” मी ओरडले.

“दिसत नाही? गावचा शर्ट आहे.”

“तुझा मुलगा कुठल्या टीमचा आहे?”

“मुलगा माझा आहे. टीम गावची आहे. दोन वेगळ्या गोष्टी आहेत.” मग तिनं तातायला वाकायला लावलं, पण रीतीप्रमाणं आपला हात त्याच्या कपाळाला लावू द्यायच्या ऐवजी तिनं त्याचा कान धरला. “बर्फ लावलास गुडघ्याला? दमलेल्या पायाला गार पाणी लावतात? शिरा आखडतील, म्हातारपणी हात थरथर कापतील तुझे.”

“म्हातारा झालोय, आई.”

“माझ्यासमोर म्हातारा म्हणायचं नाही स्वतःला. मग मी काय झाले?”

तिनं खोबरेल तेल आणलं आणि त्याच्या गुडघ्याला चोळायला लागली. भिंतीवर संत रोकेचं चित्र. आमच्या गावचा देव तो, झगा वर करून मांडीवरची जखम दाखवणारा, शेजारी कुत्रा. लोला चोळता चोळता एकदा गुडघ्याकडं बघायची, एकदा चित्राकडं.

“रेड्यांचा तोतोय सकाळी जेवून गेला,” ती म्हणाली. तोतोय म्हणजे त्यांचा सगळ्यात मोठा खेळाडू. “रक्ताचा रस्सा तीन वाट्या खाल्ला. मी म्हणलं, अजून घे. घेतला. मग डुकराचं कातडं. मग भात. मग म्हणलं, माझ्या हातची खीर नाही खाल्लीस तर मी काय समजू?”

तातायनं तिच्याकडं बघितलं. “आई. मुद्दाम?”

“पाहुणचार आहे,” लोला म्हणाली. “जत्रा आहे.” आणि पिवळा शर्ट नीट केला.

तीनला कोर्टावर पाय ठेवायला जागा नव्हती. पोरं पत्र्याच्या खालच्या लोखंडावर चढून बसलेली. लोला पुढच्या रांगेत. कोणालाही न विचारता बसली, हातात पातेल्याचं झाकण आणि डाव. मी तिच्या शेजारी.

ताताय टीमबरोबर आत आला तेव्हा गाव उठून उभं राहिलं. खांब, खांब, खांब. आमच्या टीमच्या नावानं शिव्या आणि त्याच्या नावानं टाळ्या, एकाच तोंडानं. त्यानं जॅकेट गळ्यापर्यंत लावलेलं. सरावाला बॉल टाकायला गेला नाही. बाकावर जाऊन बसला.

मी उठून सरळ बाकाच्या मागं गेले. कोच रिकार्टे गुडघ्यावर पाटी ठेवून काहीतरी खरडत होता.

“कोच, त्याला खेळवा. तुम्ही शब्द दिला होता.”

“तुला इथं कोणी सोडलं?”

“दिला होता का नव्हता?”

कोच वाईट माणूस नाही. त्याचेही डोळे लाल होते, तोही खुर्चीतच झोपलेला. तो माझ्याशी बोलला नाही, तातायशी बोलला. “एका मॅचचा शब्द होता, डोमिंग. तो तू काल खर्च केलास.”

“बरोबर आहे,” ताताय म्हणाला.

“काय बरोबर आहे? तुझी आई तिथं...”

“वेंग. जागेवर जा.”

गेले. असा संताप झाला होता की लोलाच्या हातातलं झाकण घेऊन मीच बडवलं.

मॅच सुरू झाली आणि मी काय बघते, तर रेड्यांचं काही आतच जाईना. टाकला की बॉल रिंगच्या मागच्या कडेला आदळून बाहेर. परत टाकला, परत मागची कड. एक तर सगळ्यावरनं उडून बँडवाल्याच्या ट्रम्पेटवर. तोतोय एका हातानं पोट धरून पळत होता.

मी लहान असताना तातायनं मला एकदा सांगितलेलं. चर्चच्या मागं नारळाच्या झाडाला ठोकलेली रिंग होती, तिथं. माणसाकडं बघू नको, बॉलकडं बघ, म्हणाला. माणूस खोटं बोलतो. मी दमलो नाही म्हणतो. पण बॉल टाकतो तो हातानं नाही, पायानं. पाय गेले की बॉल आखूड पडतो, रिंगच्या पुढच्या कडेला. आणि फार आराम झाला, पाय भरलेले असले, की लांब जातो. त्या दिवसापासनं मला मॅच वेगळीच दिसते. लोक स्कोअर बघतात, मला पाय दिसतात.

तर रेडे लांब टाकत होते. नऊ दिवसांचा आराम आणि सकाळपासनं सात-आठ घरचं जेवण. आणि आमचे लोक, ज्यांनी अंथरूण बघितलं नव्हतं, ते कालच्या लयीतच होते, कालची मॅच जणू संपलीच नव्हती. अर्ध्या वेळेला आम्ही पुढं. गाव गप्प. मेयरनं टोपी काढून वारा घेतला.

मग रेड्यांना जेवण पचलं.

आणि आमचे पाय गेले. एकेकाचे नाही, सगळ्यांचे एकदम, वीज गेल्यासारखे. पहिल्यांदा आमच्या कप्तानाचा बॉल पुढच्या कडेला. मग दुसऱ्याचा. मग एक रिंगला लागलाच नाही, नुसता हवेत मेला. टाकताना सगळं बरोबर, हात बरोबर, नेम बरोबर. आणि बॉल वीतभर अलीकडं. कोण काय करणार? रडावंसं वाटलं मला, आणि रेडे तर आता उड्या मारत होते. शेजारी लोला झाकण बडवत होती.

“गप गं लोला!”

“गावची टीम आहे.”

शेवटी शेवटी बोयेटला पाचवा फाउल मिळाला, मग सहावा. सहा झाले की बाहेर. आम्ही दोननं मागं. घड्याळात आता काही उरलं नव्हतं, एकदा बॉल टाकून बघण्यापुरतंच. डारेल पायाला पट्टी बांधून बसलेला. कोचनं बाक बघितला, या टोकापासनं त्या टोकापर्यंत, जणू तिथं कोणी नवीन उगवणार होतं.

पत्र्यावरच्या पोरांनी सुरू केलं. खांब. खांब. मग खालच्यांनी. मग मेयरनंसुद्धा.

कोच तातायच्या पुढं जाऊन उकिडवा बसला. “उभं राहता येईल?”

“उभा राहीन,” ताताय म्हणाला. “पळायला लावू नका.”

जॅकेट काढलं. गुडघ्यावर अजून लोलाचं तेल चमकत होतं.

तो आत गेला आणि पळाला नाही. खरंच चालतच गेला. बाकीचे नऊ जण इकडनं तिकडं धावतायत, घाम, आरडाओरडा, आणि हा माणूस चालत जाऊन रिंगच्या पुढं उभा राहिला. पुढं. सगळे उंच खेळाडू मागं सरकतात, कारण बॉल मागच्या कडेवरनं उडतो. तोतोयही मागं सरकला, दिवसभर त्याच्या टीमचे बॉल तिकडंच उडाले होते ना. हा पुढंच. तोतोय त्याच्याकडं बघून हसला. म्हातारा चुकीच्या जागी उभा राहिलाय असं त्याला वाटलं असणार.

कप्तानानं टाकला.

बॉल हातातनं सुटला तेव्हाच मला कळलं. आखूड आहे. आणि त्याला टाकायच्या आधीपासनं माहीत होतं. दमलेल्या माणसाचा बॉल कुठं पडणार तिथं तो आधीच जाऊन उभा होता. रात्रभर त्यांच्याबरोबर खुर्चीत बसला होता तो, त्याला माहीत नसणार तर कोणाला?

पुढची कड. बॉल सरळ त्याच्या हातात आला, कोणी आणून दिल्यासारखा. तो वर गेला, म्हणजे टाचा उचलल्या एवढंच, आणि तोतोय मागनं धावत येऊन त्याच्या अंगावर आदळला.

फाउल. दोन फ्री थ्रो. दोन्ही गेले तर बरोबरी.

मग जो आवाज झाला तो मी परत ऐकेन असं वाटत नाही. थोड्या वेळापूर्वी जे खांब खांब करत होते तेच आता पत्रा वाजवायला लागले, हात हलवायला लागले, चुक चुक चुक. लोला झाकणावर डाव हाणत होती. मी आता तिला काही बोलले नाही.

पहिला टाकला. पुढच्या कडेला लागला, रिंगवर जरा रेंगाळला, विचार केला आणि आत पडला. आखूडच होता. केसभर आखूड. नशिबानं गेला.

तातायला ते कळलं. मला दिसलं त्याला कळलेलं. त्यानं रिंगकडं बघितलं, मग खाली गुडघ्याकडं बघितलं, जसं दुकानदार उरलेल्या मालाकडं बघतो. मग तो वाकला.

तो पाय वाकत नाही. दोन वर्षं वाकला नाही. घरात तो खुर्चीत बसताना पाय पुढं टाकून बसतो, बुटाची नाडी मी बांधते. तो पाय त्यानं वाकवला. पुरता. पोरं उकिडवी बसतात तेवढा वाकवला, बॉल छातीशी धरून. तोंडावर काही नाही. ओठसुद्धा आवळले नाहीत. शेजारी झाकणाचा आवाज थांबला. लोलानं डाव मांडीवर ठेवला होता.

तो उठला आणि बॉल सोडला.

मागची कड. ठण्ण. उडाला आणि बाहेर गेला.

तोतोयनं धरला. घड्याळ संपलं. एकानं हरलो.

गाव कोर्टावर. बँड सुरू. कोणीतरी तातायला उचलायचा प्रयत्न केला, जमलं नाही, एवढा माणूस कोण उचलणार? न्हावी रडत होता. “गावचंच रक्त शेवटी! मुद्दाम सोडला, मी बघितलं. आईसाठी सोडला!”

“मुद्दाम?” मी त्याची कॉलर धरली. “डोळे आहेत का बटणं? तो पाय बघितलास तू? तू...”

तातायचा हात माझ्या खांद्यावर पडला. सगळं वजन माझ्यावर टाकून तो उभा होता, मग मला कळलं की तो मला अडवत नाहीये, मला धरून उभा आहे.

“राहू दे,” म्हणाला. “जत्रा आहे. गोड होऊ दे त्यांची.”

कप्तान आला, त्याच्या पाठीवर हात फिरवला. “दादा, जाऊ दे. पाय गेले होते. सगळ्यांचेच गेले होते.” ताताय म्हणाला, “हो ना.” बोयेट नुसता येऊन उभा राहिला, मग वाकून तातायच्या सुटलेल्या बुटाची नाडी बांधली आणि बसकडं गेला.

कोच सगळ्यात शेवटी आला. “आता नऊ दिवस मॅच नाही,” म्हणाला. “आराम कर.”

“आता?” मी म्हणलं. कोचनं खांदे पाडले आणि गेला.

मग घरी निघालो. लोला पुढं, हातात झाकण. आम्ही तिघं मेळ्यातनं वाट काढत. तातायला दारातल्या खुर्चीत बसवलं, मी त्याचे बूट काढले.

“लांब गेला,” मी म्हणलं.

त्यानं माझ्याकडं बघितलं. “बघितलंस तू?”

“हो.”

“मग झालं,” म्हणाला.

लोलानं पुढ्यात नूडल्सचं ताट ठेवलं. एक घास खाल्ला आणि दुसरा हातात तसाच ठेवून तो झोपला. खुर्चीत, मान मागं टाकून, तोंड उघडं.

संध्याकाळी मिरवणूक दारावरनं गेली. मेणबत्त्या, बँड, खांद्यावर संत रोके, झगा वर केलेला, पाय दाखवत. न्हावी दारात आला, तातायला हाक मारणार होता. लोलानं त्याच्याकडं नुसतं बघितलं. तो पुढं गेला.

तातायचा उजवा पाय झोपेत हलत होता. पोटरी आवळायची, सुटायची, परत आवळायची, जसा अजून कुठंतरी वाकून उडी घेतोय. पाणी लावू नको म्हणून लोलानं मला ओलं फडकं आणूच दिलं नाही. ती खाली जमिनीवर बसली, पिवळ्या शर्टाला हात पुसला आणि तो हात त्याच्या पायावर ठेवला. हाताखाली पाय उडतच राहिला. ती बसून राहिली. बँड लांब गेला तरी.